दोन फाटकांच्या मधला नारळ

मला संशय घेण्याचा पगार मिळतो. नेमणुकीच्या पत्रात तसं लिहिलेलं नाही, तिथे ‘कागदपत्र सहायक’ असं सभ्य नाव आहे. पण काम तेच. आमच्या ऑफिसातून जो ट्रक देशाबाहेर जातो, त्यातला माल, त्याचे कागद, ती गाडी आणि ती चालवणारा माणूस या सगळ्यांवर आळीपाळीने संशय घ्यायचा. सरहद्दीच्या फाटकावरचा अधिकारी उद्या जे विचारील ते आज आपणच विचारून घ्यायचं.

तळेऱ्याच्या तिठ्यावर, जिथून देवगड-विजयदुर्गाकडे रस्ता फुटतो, तिथे टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. मालकांना सगळे दाजी म्हणतात. देशाबाहेर ट्रक जातो म्हटलं की लोक हसतात, कारण आमच्याकडे परदेश म्हणजे समुद्राच्या पलीकडचा. मुलगा बोटीवर किंवा आखातात, आंबा विमानात. पण हापूस नेपाळातही खातात, आणि तिथे तो आमच्या ट्रकने, सगळा उत्तर भारत ओलांडून जातो. आंब्याबरोबर आमसुलं आणि काजूही जातात.

मी इंग्रजी शाळेत शिकले. कॉलेज झाल्यावर दाजींनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता, “इंग्रजी कागद वाचून त्यात आपल्याक खंय अडकवतत ता सांगशीत?” मी म्हणाले, प्रयत्न करीन. पहिल्या महिन्यात मी ऑफिसात बोललेलं सगळ्यात लांब वाक्य बहुतेक तेच असावं. आमच्या घरी आईबाबा आपसात मालवणी बोलतात आणि माझ्याशी शुद्ध मराठी. त्यामुळे मला मालवणी सगळी कळते, पण तोंडातून येत नाही. ड्रायव्हर लोकांना याची फार गंमत. “मॅडम बोलतत की रेडियो लागलो ता कळणा नाय,” असं माझ्यासमोरच म्हणायचे. न बोलणाऱ्या माणसाला काही ऐकूही येत नाही, असा लोकांचा समज असतो. माझ्या कामाला त्याचा फायदा झाला.

या धंद्याचे नियम बाहेरच्या माणसाला समजावताना मी पाहुण्याचं उदाहरण देते. ट्रक सरहद्द ओलांडून गेला की तो तिकडचा पाहुणा. पाहुण्याने समोरच्या दाराने यायचं आणि त्याच दाराने जायचं. हातात काय आणलं ते दाराशीच सांगायचं. किती दिवस राहणार तेही सांगायचं, म्हणजे तिकडचं कस्टम, ज्याला ते भन्सार म्हणतात, तेवढ्या दिवसांचा गाडीचा परवाना देतं. त्याहून जास्त रेंगाळलं तर दंड. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यजमानाच्या घरात जाऊन तिथल्या लोकांचं काम हिसकावायचं नाही. म्हणजे आपला माल उतरवल्यावर त्या देशातल्या एका गावचं सिमेंट दुसऱ्या गावाला पोचवून चार पैसे करायचे, हे चालत नाही. “गाडी रिकामी कित्या परत आणूची?” हा प्रश्न प्रत्येक नवीन ड्रायव्हर विचारतो. प्रश्न बरोबरच आहे, पण नियम तसा आहे.

मालाचं वेगळं. आंब्याबरोबर त्याच्या तब्येतीचा दाखला लागतो, त्याला कीड नाही असा. म्हणून पेटीत पेंढा चालत नाही, कारण पेंढ्यातून कीड जाऊ शकते. हे बागायतदारांना पटवताना माझा जीव जातो. एक आजोबा तर मला म्हणाले होते, “पेंढ्याबिगर आंबो म्हणजे गादीबिगर बाळंतीण.” माल भरून झाला, तपासणी झाली, की मागच्या दाराला सील लागतं. त्या सीलचा नंबर कागदावर चढतो. तिथपासून मुक्कामापर्यंत ते दार उघडलं, की मग तुम्ही कितीही खरं बोला, कोणी ऐकत नाही.

संशय कसा घ्यायचा हे मला कोणी शिकवलं नाही. पहिला धडा मांजरीने दिला. पिंगुळीचे एक निवृत्त गुरुजी आमसुलांचा खोका घेऊन आले होते. त्यांची मुलगी आणि जावई काठमांडूला हॉटेलात नोकरीला. आमसुलांच्या मोठ्या मालात आमचा एक खोका जाऊ द्या, एवढीच विनंती. गुरुजी फार शुद्ध बोलत होते. “आपल्या नियमांचा मला संपूर्ण आदर आहे,” वगैरे. मी नाव लिहून घेत होते, आणि आमच्या ऑफिसातली मांजर येऊन त्या खोक्यावर बसली. खाली उतरवली तरी पुन्हा बसली. आमसुलांवर जीव टाकणारी मांजर मी पाहिलेली नव्हती.

“गुरुजी, खोका उघडू का?”

“उघडा की. आमसुलंच आहेत.”

वर आमसुलंच होती. खाली, पाच पदरी प्लॅस्टिकमध्ये बांधलेले सोडे. सुकवलेली कोलंबी. माशांना वेगळा दाखला लागतो, आणि तो नसताना सापडले तर एका खोक्यासाठी सगळा ट्रक अडकतो. गुरुजींची शुद्ध भाषा तिथे संपली.

“चेडू थंय नुसता वरणभात खाता गो,” ते म्हणाले. “पोटुशी आसा. सोड्याची आठवण काढल्यान.”

मी सोडे काढून त्यांच्या हातात दिले. ते पिशवी घेऊन कुडाळच्या गाडीला गेले. मी चूक केली नव्हती, आजही तेच करीन. पण त्यानंतर बरेच दिवस मी डब्यात सोड्याची भाजी नेली नाही.

आता बाबलकाकांबद्दल. ही गोष्ट लिहिताना मी फाटकाचं नाव सांगणार नाही आणि साल सांगणार नाही. कारण पुढे कळेल.

बाबलकाका आरोंद्याचे. पन्नाशीचा माणूस, बारीक, सतत विडी शोधणारा. गाव खाडीकाठी, आणि खाडीच्या पलीकडे गोवा. तरुणपणी त्यांनी कधीतरी ट्रकच्या सीटखाली पलीकडच्या बाटल्या आणल्या होत्या आणि पकडले गेले होते. त्याला खूप वर्षं झाली, पण आमच्या जिल्ह्यात कोण कधी काय करताना पकडला गेला याचा विसर कोणाला पडत नाही. ते गाडी उत्तम चालवत. मी मात्र त्यांच्या प्रत्येक फेरीआधी सीटखाली बघायचे. ते स्वतःच सीट उचलून उभे राहायचे.

“बघ गो बाय, नीट बघ. एक उंदीर आसा, त्येचो पासपोर्ट केलंस काय?”

त्या वर्षी हंगामातली एक आंब्याची गाडी घेऊन ते गेले. सगळं नीट झालं. वाटेत रोज फोन येत होता. ज्या सकाळी ते सरहद्दीवर पोचणार होते, त्या सकाळी त्यांच्याऐवजी पांडेजींचा फोन आला. पांडेजी हे तिकडे फाटकाजवळ आमचं कागदाचं काम बघणारे एजंट.

“मैडमजी, आपके ड्रायव्हर ने बीच में गाडी रोक दी.”

दोन देशांची दोन फाटकं, आणि त्यांच्यामध्ये थोडी जमीन. ती कोणाचीच नाही. आपल्या फाटकातून सुटलेली गाडी पलीकडच्या फाटकाशीच थांबली पाहिजे. मध्ये थांबायचं नाही, उतरायचं नाही, काही ठेवायचं नाही, काही उचलायचं नाही. हा नियम इतका साधा आहे की तो मी ड्रायव्हरना कधी वेगळा सांगितलाच नव्हता.

बाबलकाका तिथे थांबले होते. पलीकडच्या कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. ते उतरले. गाडीच्या मागे गेले, म्हणजे जिथे सील असतं तिथे. सरहद्दीच्या दगडाशी एक लाल फडकं ठेवलं. मग हात जोडून, डावीकडे तोंड करून बराच वेळ काहीतरी बोलले. डावीकडे कोण होतं ते कॅमेऱ्यात येत नव्हतं. परत गाडीत बसून पुढच्या फाटकाशी गेले, तर तिथल्या लोकांनी आत घेतलं नाही. गाडी मागे वळवून आपल्या बाजूच्या आवारात उभी केली.

“फडक्यात काय होतं?” मी विचारलं.

“आधा नारियल, चावल और एक बीडी.” पांडेजींच्या आवाजात काळजी होती. सील शाबूत होतं. पण आपल्या फाटकावरच्या साहेबांचा प्रश्न एकच होता. हा माणूस बोलत कोणाशी होता? नारळ ही खूण असेल. त्या जागेत माल आणि निरोप यांची देवाणघेवाण करणारे लोक असतात. संध्याकाळपर्यंत पटेल असं उत्तर आणि मालकाचं पत्र मिळालं नाही, तर गाडीसकट माणूस चौकशीला ठेवणार.

तिकडे उन्हाचा भडका. गाडीत आंबा. आंबा चौकशीसाठी थांबत नाही.

दाजींनी सगळं ऐकलं आणि पंखा बंद केला. ते चिडले की पंखा बंद करतात.

“आरोंद्याचो तो,” ते म्हणाले. “माका म्हायत होता. त्यांका लिवन टाक, हो आमचो कायमचो माणूस नाय, ह्याच फेरीपुरतो घेतलेलो. आमची दुसरी गाडी थंय जवळच आसा, तिचो डायवर संतोष आंबो घेवन जायत. बाबल्याचा बाबलो बघून घेयत.”

यातलं तो कायमचा माणूस नसल्याचं खोटं होतं. बाकी सगळं मलाही सुचलं होतं. खरं सांगायचं तर मी दाजींच्याही पुढे गेले होते. या फेरीला जायला बाबलकाका स्वतःहून तयार झाले होते ते का? वाटेत एका धाब्यावर ते नेहमीपेक्षा जास्त थांबले ते का? माझ्या डोक्यात सगळं जुळून यायला लागलं होतं. इतकं छान जुळायला लागलं की मलाच ते आवडेना. मी म्हणाले, आधी त्यांच्याशी बोलते.

पांडेजींनी फोन त्यांच्याकडे दिला.

“बाबलकाका, गाडी का थांबवली?”

“शीव होती मा ती,” ते म्हणाले, जणू मीच वेडं विचारत होते. “शीव वलांडताना राखणदाराक मान दिवचो लागता. आरोंद्यात देतत, तुमच्या तळेऱ्यात देतत. हयसर तर देशाची शीव! साधो नारळ तरी नको?”

“तिथे थांबायचं नसतं.”

“मगे खंय देवचो? हय आपल्या फाटकात दिलो तर आपल्या देवाक पावलो. थंय दिलो तर त्यांच्या देवाक. मधलो उपाशी रवलो, तर तोच कायतरी करतलो.” मग आवाज खाली आणून, “खरा म्हणजे घोटभर दारू होयी होती. पण तुझ्या कागदात बसणा नाय म्हणान नुसतो नारळ दिलंय.”

“गाडीच्या मागेच का गेलात?”

“दगड थंय आसा.”

“बोलत कोणाशी होतात?”

“राखणदाराकडे. गाऱ्हाणा घातलंय. आंबो बरो पोचव, वाट बरी कर, गाडीक हात लावक दिव नको.”

“अर्धा नारळ तिथे मिळाला. दुसरी कवड?”

इथे ते किंचित अडखळले. “खाल्लंय. भूक लागलेली.”

मी फोन ठेवला. तो अडखळलेला क्षण माझ्या कानात राहिला. वाक्यं मला लवकर पटतात, पण त्यांच्या मधल्या गाळलेल्या जागा पटत नाहीत. लहानपणापासून मी गप्प बसून लोकांचं बोलणं ऐकत आले आहे. कुठे माणूस खरं सांगतो आणि कुठे तो पायरी चुकवून खाली उतरतो, हे मला ऐकू येतं. नारळ खरा होता. शीव खरी होती. खाल्लंय हे खोटं होतं.

ज्यांनी आमच्याकडचं गाऱ्हाणं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी उभ्याने, मोठ्याने केलेलं बोलणं. जाणता माणूस नारळावर हात ठेवून देवाला सगळं सांगतो, आणि प्रत्येक वाक्याशी बाकीचे सगळे म्हणतात, “व्हय म्हाराजा!” आमच्या घरच्या देवकार्याला मला हे म्हणायची फार लाज वाटायची. मी सगळ्यांच्या मागे ओठ मिटून उभी राहायचे, आणि आमचे थोरले काका गाऱ्हाणं मध्येच थांबवून ओरडायचे, “तोंड उघड गो! व्हय म्हणणारो नसलो तर गाऱ्हाणा लागणा नाय!”

मी परत फोन लावला.

“बाबलकाका, गाऱ्हाण्याला व्हय म्हाराजा कोण म्हणालं?”

पलीकडे ट्रकचे हॉर्न वाजत होते. मग ते हसले.

“तुका पोलिसात घेवक व्हया गो बाय.”

“कोण होतं?”

“आजूबाजूक कोण नाय मा तुझ्या?”

दाजी जेवायला गेले होते. मी तसं सांगितलं. तरी ते कुजबुजतच बोलले. आपल्या फाटकावरचा एक पहारेकरी. वर्दीतला, त्यांच्याच वयाचा, कुठल्याशा डोंगरातल्या गावचा. गाडी थांबलेली बघून तो ओरडत आला होता, गाडी हटाओ, गाडी हटाओ. बाबलकाकांनी त्याला त्यांच्या हिंदीत सांगितलं, साहेब, एक मिनिट, देव को बोलने का है, तुम खाली व्हय म्हाराजा बोलो.

“आणि तो म्हणाला?”

“आधी माका शिवी दिल्यान. मगे नारळ बघल्यान. म्हणालो, हमारे गाव के बॉर्डर पे भी बाबा बैठे हैं. टोपी काढल्यान आणि हात जोडल्यान. पयल्यांदा ‘हाँ म्हाराजा’ म्हणालो. मी म्हटलंय, हाँ नाय, व्हय. मगे नीट म्हणालो. बरो आवाज होतो त्येचो.” मग ते म्हणाले, “दुसरी कवड त्येका दिलंय. पयलो तुकडो त्यान थंयच तोंडात टाकल्यान.”

“मग हे साहेबांना सांगा. तोच साक्षीदार आहे. तुम्ही सुटाल.”

“आणि तो?”

पहाऱ्यावरच्या माणसाने मधल्या पट्ट्यात थांबलेली गाडी हाकलायची सोडून तिथे हात जोडले, प्रसाद खाल्ला. त्याचं काय होईल ते मला कळत होतं. तो स्वतः पुढे आला नव्हता यावरून त्यालाही कळत होतं.

“तुमची चौकशी होईल, बाबलकाका. तुमचं नाव कायमचं जाईल.”

“माझा काय? मी चिरे व्हावीन. प्रसाद खाल्लेल्या माणसाक अडचणीत घालतत काय गो? मी सांगूचंय नाय. आणि तू सांगलंस, तर मी म्हणतलंय, चेडू खोटा बोलता.”

फोन ठेवल्यावर मला पहिला विचार काय आला असेल? हा पहारेकरी खरंच आहे का? किती सोयीचा साक्षीदार. ज्याला कोणी बघितलं नाही, ज्याला विचारायचं नाही, आणि ज्याच्यामुळे बाबलकाका चोर न राहता देवमाणूस होतात. एखाद्या व्यापाऱ्याने मला हीच गोष्ट सांगितली असती, तर मी पेन्सिलने तिच्याभोवती संशयाचा गोल केला असता.

आणि तपासणं अगदी सोपं होतं. त्या वेळी त्या बाजूला पहाऱ्यावर कोण होतं, एवढं पांडेजींना विचारलं की झालं. पण पांडेजींना विचारलं की ते साहेबांना विचारणार. माझा प्रश्न हीच चहाडी झाली असती. माझ्या सगळ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं, की खरं-खोटं करायला हात लावला तर कोणीतरी मोडेल.

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली टायरवाला पंक्चर काढत होता. ट्यूब पाण्यात बुडवायची, फिरवायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. मला त्याचा हेवा वाटला.

दाजी जेवून आले. मी त्यांना पहारेकऱ्याचं सांगितलं नाही. शीव, राखणदार आणि गाऱ्हाणं एवढंच सांगितलं.

“आणि व्हय कोण म्हणालो?” दाजींनी लगेच विचारलं. शेवटी तेही इथलेच.

“ते मी विचारलं नाही,” मी म्हणाले.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी काही विचारलं नाही यावर त्यांचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. पण त्यांनी पुढे विचारलं नाही.

“मगे लिवतंस काय? तो आमचो माणूस नाय म्हणान?”

“नाही. तो आपला माणूस आहे, इतकी वर्षं आपली गाडी चालवतो, आणि त्याच्यासाठी आपण जबाबदार आहोत, असं लिहिते.”

“तुका खात्री आसा?”

“नाही.”

“खात्री नाय आणि माझी सही घेतंस?”

“तो आपला माणूस आहे हे तर खरं आहे ना, दाजी? तेवढं लिहायला खात्री कशाला लागते?”

एवढं मी त्यांच्याशी एका दमात कधी बोलले नव्हते. दाजींनी पंखा लावला.

“लिव,” ते म्हणाले. “इंग्रजीत बरा लिव. आणि तेंका कळात असा लिव.”

ते पत्र लिहिणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम. शिवेला इंग्रजीत ‘बाउंडरी’ म्हणता येतं, पण बाउंडरीला भूक लागत नाही. राखणदाराला मी तिथला पहारा देणारा देव असं म्हटलं आणि वाटलं, आता साहेब विचारणार, मग आम्ही काय करतो? गाऱ्हाण्याला तक्रार म्हणता येत नव्हतं, प्रार्थनाही म्हणता येत नव्हतं. शेवटी मी साधं लिहिलं, की आमच्याकडे एका गावातून दुसऱ्या गावात जाताना मधल्या जागेच्या देवाला नारळ देऊन त्याच्याशी मोठ्याने बोलतात, आणि आमच्या ड्रायव्हरने दोन देशांच्या मध्ये तेच केलं. नियम मोडला आहे, त्याबद्दल माफी असावी. माल सीलबंद आहे, खुशाल उघडून तपासावा. तो कोणाशी बोलत होता, या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं होतं. देवाशी. ते खोटं नव्हतं. पूर्णही नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या पत्रात अशी ओळ मी जाऊ दिली नसती.

दुपार कलताना पत्र गेलं. मग नुसती वाट बघायची. दाजी दोनदा जिना उतरून चहा पिऊन आले आणि दोन्ही वेळा माझ्यासाठी चहा आणायचा विसरले.

पांडेजींचा फोन आला तेव्हा टायरवाला शटर ओढत होता. साहेबांनी पत्र दोन वेळा वाचलं होतं. त्यांच्या गावाकडेही असलं काही असतं म्हणाले. गुन्हा नोंदवला नव्हता. आंबा पुढे जाईल. मात्र पलीकडचे लोक या ड्रायव्हरला आता कधीच आत घेणार नाहीत. त्याचं नाव दोन्ही फाटकांवर लागलं. गाडी संतोषच्या ताब्यात दिली आणि बाबलकाकांना रेल्वेने परत पाठवलं.

आंबा पोचला. वरचा थर वाटेतच पिकून पिवळा पडला होता, आणि तिकडच्या व्यापाऱ्याने त्याचे फोटो माझ्या फोनवर पाठवून माझ्या आईवडिलांचा उद्धार केला. मी त्याला नम्र उत्तर दिलं.

बाबलकाका ऑफिसात आले ते ओळखपत्र परत द्यायला. ते सरहद्दीच्या गाड्यांसाठीच दिलेलं असतं. खुर्चीच्या कडेवर बसले, विडी काढली, माझ्याकडे बघून परत खिशात ठेवली.

“पत्रात काय लिवलंस?”

मी वाचून मराठीत सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. गाऱ्हाण्याशी आल्यावर म्हणाले, “बरा लिवलंस. एवढा आमच्या गुरवाक पण सांगाक जमणा नाय.” मग जरा पुढे सरकले. “आणि त्येचा नाव?”

“नाही लिहिलं. तुम्ही मला सांगितलंच कुठे होतं?”

“माकाच खंय म्हायत आसा?” ते म्हणाले आणि मोठ्याने हसले. “इचारुकच इसरलंय! एवढा गाऱ्हाणा घातलंय, त्येच्या गावच्या देवाचा पण नाव घेतलंय, पण त्येचा नाव नाय इचारलंय.”

मी हसले नाही. माझ्या आत तो जुना बुडबुडा परत वर आला. नाव नाही. म्हणजे माणूस नाही? म्हणजे सगळंच रचलेलं? मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते हसता हसता थांबले.

“तुका अजून वाटता, मी खोटा बोललंय,” ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

“मला माहीत नाही, बाबलकाका.”

“तरी लिवलंस.”

“हो.”

त्यांनी ओळखपत्र टेबलावर ठेवलं, उठले, आणि दाराशी जाऊन म्हणाले, “येतंय गो.” रागावून गेले नाहीत. पण त्यानंतर ते मला बाय म्हणाले नाहीत, मॅडम म्हणायला लागले. आता ते तळेरे-विजयदुर्ग रस्त्यावर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या गाड्या चालवतात. तिठ्यावर गाडी थांबली तर खालून हॉर्न देतात. मी खिडकीतून हात करते.

नवीन ड्रायव्हरना मी आता सगळ्यात आधी मधल्या जागेचा नियम सांगते. नारळ घरच्या शिवेला वाढवा, वाटेत हवा तिथे वाढवा, दोन फाटकांच्या मध्ये नको. ते हो म्हणतात. त्यांच्या मनात काय असतं ते मला माहीत आहे. मधला उपाशी राहतो, याची त्यांना काळजी वाटते.

पुढच्या हंगामात संतोष आंबा घेऊन त्याच फाटकाशी पोचला आणि त्याने मला फोन केला. गाडी ताब्यात देताना बाबलकाकांनी त्याला त्या पहारेकऱ्याबद्दल काहीतरी सांगितलं असावं.

“मॅडम, मी फाटकार आसंय. हय तीन-चार वर्दीवाले उभे आसत. त्यातलो एक आमच्या गाडीच्या नंबराकडे सारखो बघता. डोंगरातलोच वाटता. इचारू काय त्येका? एका शब्दात कळात.”

माझ्या हातात पेन्सिल होती. तो एक शब्द कोणता असेल तेही मला माहीत होतं. एवढ्या लांबून ते खरं-खोटं होणार होतं, आणि मला काहीच करायला नको होतं, नुसतं हो म्हणायचं.

“सील बघितलंस?” मी विचारलं.

“बघलंय. बरा आसा.”

“कागद?”

“हातात आसत.”

“मग कोणाकडे बघू नको, संतोष. कुठे थांबू नको. सरळ पुढे जा.”